गावाची शाळा

पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात जालिंदरनगर नावाची वस्ती आहे. तिथली जिल्हा परिषदेची शाळा पट नसल्यामुळे बंद पडायला आली होती. 2025 साली त्याच शाळेला जगातल्या उत्कृष्ट शाळांच्या स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. तिथे ‘विषयमित्र’ अशी पद्धत आहे. ज्याला गणित जमतं तो दुसऱ्याला शिकवतो, मग तो वयाने लहान का असेना. पाचवीतला मुलगा तिसरीतल्या मुलीकडून काही शिकतोय, आणि त्यात कुणालाच कमीपणा वाटत नाही!

शिक्षकांचं कौतुक आपण करतो, आणि करायलाच हवं. सोलापूरच्या परितेवाडीतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना 2020 साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने केलंच. पण एकट्या गुरुजींनी शाळा उभी राहत नाही. शिरूरजवळच्या वाबळेवाडीत शाळेसाठी गावकऱ्यांनी जमीन दिली. शेतकऱ्याने जमीन देणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

आणि आपण? सरकारी शाळा म्हटलं की नाक मुरडतो, तेही शाळेची पायरी न चढता. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. पुष्कळ ठिकाणी ही समिती सह्यांपुरतीच उरते. तुमच्या गावातल्या, वॉर्डातल्या शाळेत पुढची बैठक कधी आहे, ते आज विचारून घ्या आणि जरूर जा.