चार्ट पेपरवरचा उद्या

आमचे एक कलासमीक्षक मित्र तेलंगणातल्या आदिलाबादेहून परतल्यापासून भलतेच प्रसन्न आहेत. ‘तुमचा उद्या काढा’ अशी एक कार्यशाळा त्यांनी तिथल्या गोंड गावात पाहिली आणि लगोलग लेख ठोकून दिला. ज्यांना वाचा नव्हती त्यांना रेषेने वाचा दिली. समोर कागद आणि रंग ठेवले की दबलेली स्वप्नं आपोआप वर येतात, असा त्यांचा सिद्धान्त.

लेखासोबत छापलेली चित्रं मी निरखून पाहिली. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नागमोडी नदी, सिमेंटचं घर आणि घराला लागून नारळाचं झाड. पैनगंगेपलीकडच्या या साग-मोहाच्या मुलखात नारळ उगवला तो शाळेच्या चित्रकलेच्या वहीतून. आणि वाचा नव्हती म्हणजे काय? इथले परधान, म्हणजे गोंडांचे भाट, घरात मराठी बोलतात, किंगरी हातात घेतली की गोंडांच्या वंशकथा गोंडीत गातात. दिवाळीच्या दिवसांत, म्हणजे आपण दिवाळी अंक चाळत लोळत असतो तेव्हा, मोरपिसांचे टोप चढवलेले गुस्साडी नर्तक दंडारी नाच घेऊन गावोगाव फिरतात. मित्राला हे ऐकू आलं नसेल, तर दोष कुणाच्या वाचेचा नाही.

गावकऱ्यांकडून गावाचं चित्र काढून घेणाऱ्या या पंथाचे आद्य गुरू म्हणजे विकासाचे अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स. 1989 ते 1991 त्यांचा मुक्काम हैदराबादेतच होता. त्यांचं सांगणं साधं: छडी गावकऱ्याच्या हातात द्या, त्याला अंगणात रांगोळीने, बियांनी, काटक्यांनी आपलं गाव मांडू द्या, आणि तुम्ही तोंड मिटून बसा. सरकारी बाबूला गप्प बसायला शिकवणारा माणूस मला आवडतो. पण 2001 मध्ये मानववंशशास्त्रज्ञ डेव्हिड मॉस यांनी पश्चिम भारतातल्या भिल्ल भागातल्या एका शेतीप्रकल्पाच्या अनुभवावरून दुखरी नस पकडली. प्रकल्पाच्या पोतडीत काय आहे हे लोक आधी हेरतात आणि नेमकं तेवढंच मागतात. मग अहवालात तीच ‘लोकांची गरज’ ठरते. यात लबाडी नाही, शहाणपण आहे. विहीर मंजूर होण्यासारखी असेल तर विमान कोण मागेल?

आदिलाबादला तर लोकांचं ऐकून घेणाऱ्यांची सवय फार जुनी. 1940 मध्ये निजामाविरुद्ध उठलेले गोंड नेते कुमरम भीम जोडेघाटला मारले गेले, तेव्हा कुठे निजाम सरकारला जाग आली आणि गोंडांचं दुखणं समजून घ्यायला मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना धाडलं गेलं. मारलवाईत 1943 मध्ये गोंड शिक्षकांचं प्रशिक्षण सुरू झालं, गोंडी वाचनपुस्तकं देवनागरीत निघाली. केसलापूरच्या नागोबा जत्रेत दरबार भरू लागला. तो अजून भरतो. अधिकारी मांडवात बसतात, लोक अर्ज देतात, अर्जांचा गठ्ठा गाडीत जातो. स्केचपेनचा खर्चही नाही.

हायमेनडॉर्फचं नाव आपल्याकडे निदान अभ्यासकांना ठाऊक असतं. इतिहासकार सेतुमाधवराव पगडींना मात्र आपण शिवकालात कोंडून ठेवलं आहे. निजामाच्या नोकरीतला हा मराठी अधिकारी आदिलाबादेत गोंडी शिकला, गोंडी आणि कोलामी या दोन्ही भाषांची व्याकरणं त्याने लिहिली, इथल्या गोंडांवर इंग्रजीत पुस्तक केलं. आणि हे सगळं फावल्या वेळचा छंद म्हणून नव्हे, तर गोंडांना जमिनीचे पट्टे देण्याचं काम अंगावर असताना. ऐकायला बसायचं ते समोरच्याच्या भाषेत, आणि ऐकून झाल्यावर कागदावर सही करायची, ही त्यांची रीत. आज कार्यशाळा घेणाऱ्याला गोंडी येत नाही आणि सहीचा अधिकार तर मुळीच नसतो. मग तो टाळ्या वाजवायला सांगतो.

तरी पगडींची आरती ओवाळून थांबता येत नाही. भला अधिकारी बदलून जातो. पट्टे मिळालेल्या मुलखातही जमिनी बिगरआदिवासींच्या हाती सरकत राहिल्या, आणि 20 एप्रिल 1981 रोजी इंद्रवेल्लीत त्याच प्रश्नावर जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. सही अधिकाऱ्याची असेल तर ती मोडणाराही अधिकारीच.

इथे मित्राच्या बाजूने एक गोष्ट बोलावी लागते. 2006 च्या वनहक्क कायद्याने चित्र काढण्याला वेगळीच किंमत आणली. ग्रामसभेची वनहक्क समिती म्हाताऱ्यांना सोबत घेऊन शिवेवरून चालते. कुठला नाला, कुठला देव, कुठवर गुरं जातात, हे नकाशावर येतं, आणि तो नकाशा दाव्याला जोडला जातो. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने 2009 मध्ये सामूहिक हक्क मिळवला. नंतर बांबू कधी तोडायचा, कुणाला विकायचा, हे गाव ठरवू लागलं. तिथे उद्याची कल्पना करणं हा रविवारचा उपक्रम नव्हता. तेव्हा रांगोळीच्या नकाशाला मी हसणार नाही. त्याची दखल घेणं कुणावर बंधनकारक आहे, एवढंच विचारीन.

कारण उद्याची चित्रं दुसरीकडेही निघत असतात. जुन्या आदिलाबादेतून 2016 मध्ये कुमरम भीम आसिफाबाद जिल्हा वेगळा झाला. कवाल आणि ताडोबा या व्याघ्रप्रकल्पांमधला तिथला वाघांचा मार्ग मे 2025 मध्ये तेलंगण सरकारने एका आदेशाने संवर्धन राखीव म्हणून जाहीर केला. आदिवासी संघटना रस्त्यावर उतरल्या, जुलैत आदेश स्थगित झाला. वाघ हवेतच, माझं भांडण वाघाशी नाही. पण शेकडो गावांचा उद्या आखणाऱ्या त्या नकाशासाठी कुणी चार्ट पेपर अंथरला नव्हता.

मित्राने पुढची कार्यशाळा नुसती न पाहता स्वतःच घ्यावी. फक्त वनखात्याचा आणि महसूल खात्याचा माणूस सतरंजीवर बसवावा, स्केचपेन त्यांच्या हाती द्यावं आणि या गावाची पुढची वीस वर्षं त्यांच्याकडून काढून घ्यावीत. गावाने ती तपासावीत, हवं तिथे खोडावं. उरलेलं चित्र हैदराबादच्या कलादालनात न टांगता ग्रामसभेच्या ठरावाला जोडावं. अशा कार्यशाळेला पैसे द्यायला कोण तयार होतं, ते त्यांनी पुढच्या लेखात नावांसकट लिहावं. मी तो अंक विकत घेईन.