परीक्षक बदला

‘मुलं हुशार आहेत, फक्त कम्युनिकेशन कमी पडतं.’ अभियांत्रिकी महाविद्यालयांत प्लेसमेंटचा हंगाम आला की हे वाक्य हमखास ऐकू येतं आणि दर वेळी खटकतं. कमी पडतं ते कोणापुढे? मुलाखत घेणाऱ्यापुढे, हे उत्तर गृहीतच धरलेलं असतं. बेळगावच्या विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाच्या २०२२ च्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षाला संवादी इंग्रजीचा एका श्रेयांकाचा विषय आहे. त्याची अंतिम परीक्षा तासाभराची, पन्नास बहुपर्यायी प्रश्नांची. म्हणजे संवादाची ही परीक्षा तोंड न उघडता, एक वाक्यही न लिहिता देता येते. बायोडेटा, गटचर्चा, सादरीकरण यांचे फायदे सर्वांना ठाऊक आहेत. मला महत्त्वाचा वाटतो तो श्रोत्यांमधला फरक. एक श्रोता आपली परीक्षा घेतो. त्याला विषय आपल्याहून अधिक कळतो आणि आपण चुकलो तर नुकसान आपलं. दुसरा श्रोता आपल्या कामाचे परिणाम भोगतो. त्याला विषय परका असतो आणि आपलं बोलणं फसलं तर नुकसान त्याचं. आपली महाविद्यालयं तयारी करून घेतात ती पहिल्याची.

दुसरा श्रोता कसा असतो हे उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जोयडा तालुक्याकडे पाहिलं की कळतं. गणेशगुडीला काळी नदीवर १०१ मीटर उंचीचं सुपा धरण झालं, जुनं सुपा गाव पाण्याखाली गेलं, तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं, विस्थापितांची वस्ती रामनगरला झाली. २००७ साली दांडेली अभयारण्य आणि अणशी राष्ट्रीय उद्यान मिळून व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. अणशी घाट उतरला की पुढे, कारवार तालुक्यात, त्याच नदीच्या काठी कैगाचं अणुवीज केंद्र. नोव्हेंबर २००९ मध्ये तिथल्या पिण्याच्या पाण्याच्या एका कूलरमध्ये किरणोत्सारी ट्रिटियम असलेलं जड पाणी मिसळलं गेलं आणि पन्नासहून अधिक कर्मचाऱ्यांना त्याची बाधा झाली. अशा वेळी बोललं जातं ते कर्मचाऱ्यांसाठीच्या वार्षिक ३० मिलिसीव्हर्टच्या मर्यादेबद्दल. ते खोटं नसतं, पण ते नियामकाच्या प्रश्नाचं उत्तर असतं. नदीकाठच्या बाईचा प्रश्न वेगळा: हे अंगात गेलं तर किती दिवस राहतं, आणि उद्या पोरांना पाणी द्यायचं की नाही? विज्ञानाकडे याचंही उत्तर आहे. ट्रिटियम शरीरातल्या पाण्याबरोबर बाहेर पडतं, साधारण दहा दिवसांत निम्मं होतं, म्हणूनच बाधिताला भरपूर पाणी प्यायला सांगतात. हे आधी सांगावं आणि आकडा मागून, एवढा क्रम जो उलटा करू शकतो त्याला संवाद येतो असं मी म्हणेन. २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेनुसार जनसुनावणीसाठी अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही द्यावा लागतो. कैगाच्या पाचव्या आणि सहाव्या, प्रत्येकी ७०० मेगावॉटच्या, युनिटांसाठी डिसेंबर २०१८ मध्ये अशी सुनावणी झाली. अभियंत्याची खरी तोंडी परीक्षा ती.

यावर प्लेसमेंटवाल्यांचा आक्षेप जोरदार आहे आणि मी तो हलका मानत नाही. जोयड्यातल्या मराठी शाळेतून आलेल्या मुलीला इंग्रजीत चार वाक्यं धड बोलता आली नाहीत तर नोकरी जाते. तिला नदीकाठच्या माणसाशी बोलायला शिकवणं ही पोट भरलेल्यांची चैन आहे, असं ते म्हणतात. तिला इंग्रजी मिळालंच पाहिजे, याबद्दल वाद नाही. पण ज्या मुलीने ट्रिटियम आजीला समजेल असं मांडलं आहे, ती मुलाखतीत अडखळली तरी भाषेपायी अडखळेल. विचार तिच्याजवळ तयार असेल. पाठ केलेल्या वाक्यांनी उलटं होतं, पहिल्याच उपप्रश्नाला ती संपतात. लोकांशी बोलायला जनसंपर्क अधिकारी असतात, हा दुसरा आक्षेप फार टिकत नाही. आकड्यातली अनिश्चितता किती, हे त्या अधिकाऱ्याला अभियंत्यालाच विचारावं लागतं.

मग हे सगळं मातृभाषेत शिकवावं का? तसं म्हणण्याचा मोह होतो. पण जोयड्यात कुणब्यांच्या घरात कोकणी, काही गावांत मराठी, कचेरीत कन्नड. ‘मात्रा मर्यादेत आहे’ हे वाक्य या तिन्ही भाषांत तितकंच निरुपयोगी आहे, कारण समोरच्याने काय विचारलं ते ऐकूनच घेतलेलं नाही. जोयड्याच्या कंदमेळ्यात कुणबी शेतकरी मुडली, करांदे, कोनफळ मांडून बसतात. गिऱ्हाईक विचारतं खाज सुटते का, शिजायला वेळ किती, आणि शेतकरी तेवढंच सांगतो. लागवडीचं सारं ज्ञान त्याच्यापाशी असतं, पण सुरुवात तो गिऱ्हाइकाच्या शंकेपासून करतो. आपल्या पदवीधरांना ही सुरुवात कोणी शिकवत नाही.

संवादी इंग्रजीचा वेगळा विषयच बंद करून संवादाचं काम भौतिकीच्या आणि स्थापत्याच्या प्राध्यापकांकडे द्यावं, याच मताने मी हे लिहायला घेतलं होतं. इंग्रजीच्या शिक्षकाला आकडा बरोबर आहे का हे तपासता येत नाही, हे त्यामागचं कारण. पण प्रत्येकाचं काम झालं की ते कोणाचंच राहत नाही. अभ्यासक्रम संपवण्याच्या घाईत पहिला बळी त्याचाच जाईल. विषय राहू द्यावा, गुण राहू द्यावेत. विद्यापीठाने पुढच्या दुरुस्तीत ती पन्नास प्रश्नांची परीक्षा काढावी, विद्यार्थ्याला त्याचा स्वतःचा प्रकल्प महाविद्यालयाच्या गावातल्या पाच माणसांना समजावायला लावावा, त्यांचे प्रश्न लिहून घ्यायला लावावेत आणि निम्मे गुण त्या पाच जणांच्या हाती द्यावेत.