परवानगी कुणाच्या वतीने?

जून २०१२ मध्ये स्लोवाकियातल्या ईसेट या सुरक्षा कंपनीने एक चोरी उघडकीस आणली. नकाशे काढण्याच्या ऑटोकॅड या प्रोग्रॅमवर काम करणाऱ्या, मुख्यतः पेरू देशातल्या कार्यालयांतून हजारो ड्रॉइंग ईमेलने परस्पर चीनमधल्या खात्यांवर जात होती. या विषाणूचं नाव मेद्रे. त्याला कुठलंही कुलूप फोडावं लागलं नाही. ड्रॉइंगच्या फोल्डरमध्ये एक छोटी फाइल बसलेली असायची. ड्रॉइंग उघडलं की ऑटोकॅड ती स्वतःहून वाचायचं, तिच्यातल्या आज्ञा पाळायचं, आणि त्या आज्ञा बाहेरचे, विंडोजचे प्रोग्रॅम चालवायच्या. सगळं नियमाप्रमाणे, फक्त कुणाला विचारलेलं नसायचं.

मुळात ही सोय कामाची आहे. ऑटोकॅडला समजणाऱ्या लिस्प या भाषेतल्या काही ओळी दारं-खिडक्यांचा तक्ता क्षणात करून देतात, म्हणून अशा ओळींची छोटी रूटीन्स आपल्याकडेही पेनड्राइव्हवरून या टेबलावरून त्या टेबलावर जातात.

ऑटोकॅड २०१४ पासून विचारणा सुरू झाली. ‘सिक्युअरलोड’ या सेटिंगची किंमत ० ठेवली तर काहीही चालतं, १ ठेवली तर अनोळखी जागेवरची फाइल चालवण्याआधी चौकट समोर येते, २ ठेवली तर विश्वासू ठरवलेल्या फोल्डरांबाहेरचं काहीच चालत नाही. बहुतेक ठिकाणी १ असतं. म्हणजे निर्णय त्या घटकेला माउस ज्याच्या हातात असेल त्याचा.

तो हात कुणाचा? रात्री नऊला, उद्या सकाळी महापालिकेत नकाशे दाखल करायचे असताना बसलेल्या ड्राफ्ट्समन मुलाचा. चौकट आली, त्याने ‘लोड’ दाबलं. त्याला दोष देणं मला अन्यायाचं वाटतं. पण त्या ड्रॉइंगमध्ये कुणाच्या तरी घराची निजायची खोली आहे, बँकेच्या तिजोरीची भिंत आहे, मुलींच्या वसतिगृहाचा मागचा जिना आहे. ऑपरेशनच्या संमतिपत्रावर सही रुग्णाची किंवा त्याच्या जवळच्या माणसाची असते. इथे ज्यांचं नुकसान होणार ती माणसं त्या चौकटीसमोर नसतात, अशी चौकट असते हेही त्यांना ठाऊक नसतं. त्यांच्या वतीने ‘हो’ म्हणण्याचा अधिकार त्या मुलाला कुणी दिलेला नाही. तो त्याच्यावर येऊन पडला आहे.

विश्वासू फोल्डरांचंही तसंच. विश्वास फोल्डरवर टाकला जातो, आतल्या फाइलवर नाही. ज्या सामायिक ड्राइव्हवर अख्खं ऑफिस फाइली टाकतं तोच विश्वासू ठरवला, तर उद्या तिथे येणाऱ्या प्रत्येक फाइलला आजच होकार दिला गेला. असे फोल्डर फक्त वाचण्यापुरते खुले ठेवा, हे ऑटोडेस्क स्वतःच सांगतं.

तेव्हा हा निर्णय ऑफिसच्या मालकाने स्वतःकडे घ्यावा. किंमत २ ठेवावी, रूटीन्सचा फोल्डर एकच असावा, त्यात फाइल टाकण्याचा हक्क एकाच जबाबदार माणसाला असावा आणि ती वाचून बघायला त्याला कामाच्या वेळेतला वेळ मिळावा. लिस्पची साधी फाइल वाचता येते, कंपाइल केलेली फास फाइल तशी वाचता येत नाही, आणि मेद्रे फास फाइलमधूनच पसरला. मूळ मजकूर मिळत नसेल तर ती फाइल घेऊ नये. मग तो तक्ता हाताने करायला मुलाला रात्री दोन तास जास्त बसावं लागलं, तर त्या तासांचे पैसे मालकाने द्यावेत.