संस्कर्ता कोण?

इंग्रजांच्या राष्ट्रीय अभिमानाची जी थोडीबहुत खाद्यप्रतीके आहेत, त्यांत रोस्ट बीफचे, म्हणजे भाजलेल्या गोमांसाच्या मोठ्या तुकड्याचे, स्थान पहिले. हेन्री फील्डिंगने १७३१ साली आपल्या एका संगीत प्रहसनात त्यावर गीत घातले. १७४८ साली विल्यम होगार्थने कॅलेच्या वेशीचे चित्र काढले, त्यात इंग्लंडहून आलेला गोमांसाचा तो भलामोठा तुकडा मध्यभागी ठेवला आणि भोवती हाडे निघालेले फ्रेंच शिपाई उभे केले. फ्रेंचांनीही या अभिमानाची परतफेड केली. इंग्रजांना ते थट्टेने ‘रोसबीफ’ म्हणू लागले. एका पदार्थाने अख्ख्या राष्ट्राचे नाव व्हावे, ही गोष्ट वाटते तितकी हास्यास्पद नाही. आपल्याकडेही माणसाची जात, प्रांत आणि घराणे त्याच्या ताटावरून ओळखण्याची सवय पुष्कळ जुनी आहे.

हाच पदार्थ आज लंडनमधील एखाद्या लहानशा बिऱ्हाडात स्वयंपाकाच्या ओट्यावरच्या एका पेटीत तासाभरात होतो. त्या पेटीला ‘एअर फ्रायर’ म्हणतात. फिलिप्स कंपनीने २०१० साली ती बर्लिनच्या प्रदर्शनात मांडली, आणि नंतरच्या दहा-बारा वर्षांत ती घरोघरी पोहोचली. धगीसमोर कुणी उभे राहत नाही, सळई कुणी फिरवीत नाही. कळ दाबावयाची आणि घंटा वाजली की उठावयाचे. यावर जुन्या वळणाची माणसे हळहळतात आणि नव्या वळणाची हसतात. मला या दोहोंच्या मुळाशी एक नैतिक प्रश्न दिसतो. ज्या कृतीसाठी एका जीवाचा प्राण जातो, ती कृती इतकी हलकी व्हावी काय? आणि ती हलकी झाली, तर तिच्यातील जबाबदारीही हलकी होते काय?

या नियतकालिकाच्या पुष्कळ वाचकांच्या घरी गोमांस शिजत नाही, हे मी जाणतो. परंतु बृहन्महाराष्ट्रातील मराठी माणसाने शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरातून येणाऱ्या अनोळखी वासाबरोबर राहावयाचे शिक्षण पिढ्यान्‌पिढ्या घेतलेले आहे. आणि ताटाला सोवळे असले तरी विचाराला ते असू नये. शिवाय प्रश्न केवळ गाईबैलांचा नाही. मांसाच्या जागी वाचकाने मासळी घ्यावी, कोंबडी घ्यावी. विवेचनाला बाध येणार नाही.

प्रथम यंत्राचे स्वरूप पाहू. नाव ‘फ्रायर’ असले तरी त्यात तळण नाही; तेल असलेच तर एखादा चमचा. वरच्या बाजूस विजेने तापणारी तार, तिच्यामागे पंखा, आणि खाली छिद्रांची परडी. पंखा तापलेली हवा वेगाने परडीत फिरवितो. पदार्थाच्या अंगाला चिकटून असणारा ओलसर, थंड थर ती हवा उडवून लावते, पृष्ठभाग लवकर कोरडा होतो आणि कोरडा झाला म्हणजेच तो तांबूस होऊ लागतो. भाजलेल्या मांसाचा, तसाच भाजलेल्या भाकरीचाही, तो खमंग वास ज्या रासायनिक क्रियेतून येतो, तिचे वर्णन फ्रेंच शास्त्रज्ञ मायार याने १९१२ साली केले. ओल्या पृष्ठभागावर ती नीट होत नाही, कारण पाणी आहे तोवर उष्णता शंभर अंशांच्या वर चढत नाही. म्हणून किलोभर मांसाच्या तुकड्याला मीठ-मिरी चोळून प्रथम दहा-पंधरा मिनिटे २०० अंशांची आच देतात, मग ती १६० च्या आसपास उतरवितात, आणि आत खुपसलेल्या उष्णतामापकाने गाभ्याचा पारा पाहतात. गाभा गुलाबी हवा असेल तर पंचावन्न अंशांच्या आगेमागे थांबतात. अमेरिकेचे सरकारी कृषिखाते मात्र सुरक्षिततेसाठी त्रेसष्ट अंश आणि वर तीन मिनिटांची विश्रांती सांगते. तात्पर्य, ही पेटी म्हणजे वेगवान वाऱ्याची एक लहानशी भट्टी आहे.

मग हे ‘रोस्ट’ म्हणावयाचे काय? इंग्रज शुद्धिवाद्यांचे उत्तर एकेकाळी ठाम होते. उघड्या विस्तवासमोर सळईवर फिरत भाजले जाते तेवढेच रोस्ट; बंद भट्टीत घातले की ते नुसते ‘बेक’. अठराव्या शतकाच्या अखेरीस काउंट रम्फर्डने विटांच्या बांधकामात बसविलेले लोखंडी नळकांडे तयार केले आणि शेवटी मांस तांबूस व्हावे म्हणून त्यात तापलेली हवा सोडणाऱ्या नळ्याही जोडल्या. आजच्या पेटीचा हा खराखुरा पूर्वज. त्याच्या काळी बंद पेटीतील मांसाविषयी नाके मुरडली गेलीच. परंतु पुढे शंभर-दीडशे वर्षांत भट्टीच घरोघर आली, आणि तिच्यातून निघालेल्या मांसालाच इंग्रज निःशंकपणे रोस्ट म्हणू लागले. आज एअर फ्रायरला नाके मुरडणारे या भट्टीचेच अभिमानी आहेत. गोव्यातील ख्रिस्ती घरांत तर पातेल्यात, थोड्या पाण्यात आणि मसाल्यात मुरवून केलेल्या गोमांसालाही रोस्टच म्हणतात, आणि त्यात कुणाला वावगे वाटत नाही. अमरकोशाने सळईवर भाजलेल्या मांसाला शूलाकृत, भटित्र आणि शूल्य अशी तीन नावे नोंदविली आहेत; त्यांपैकी दोहोंत शूल आहे. मराठीने मात्र हा वाद आधीच निकालात काढला. आपण निखाऱ्यात वांगे भाजतो, तव्यावर भाकरी भाजतो आणि कढईत रवाही भाजतो. नावाच्या शुद्धतेवर नीतीची उभारणी करू नये, असे मला वाटते. नाव वस्तूच्या मागोमाग मुकाट्याने येते.

खरा आक्षेप कष्टांविषयी आहे. ‘पूर्वी एवढे कष्ट होते, म्हणून त्या अन्नाला किंमत होती’ असे म्हणताना आपण एक गोष्ट विसरतो: ते कष्ट कोणाचे होते? जुन्या इंग्रज वाड्यांत सळई फिरविण्यासाठी पोरे ठेवलेली असत. धगीच्या इतक्या जवळ तासन्‌तास बसावयाचे, की अंग भाजून निघावे. पुढे त्या पोरांच्या जागी कुत्रे आले. लांब धडाचा, आखूड पायांचा असा एक कुत्रा खास या कामासाठी पाळला जाई. भिंतीवर टांगलेल्या लाकडी चाकात त्याला घालावयाचे, तो चालत राही आणि चाकाला जोडलेली सळई फिरत राही. सोळाव्या शतकात जॉन कायसने इंग्लंडच्या कुत्र्यांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात या श्वानाचा उल्लेख आहे. एकोणिसाव्या शतकात यांत्रिक सळया स्वस्त झाल्या आणि ही जातच नामशेष झाली. वेल्समधील ॲबरगेव्हेनीच्या संग्रहालयात पेंढा भरलेला एक तेवढा शिल्लक आहे. ‘अस्सल’ रोस्ट बीफची ही दुसरी बाजू आहे. त्या चाकातील कुत्र्याला विचारले असते, तर पंख्याच्या पेटीविषयी त्याने काय मत दिले असते, हे सांगावयास नको. (धुराड्यातील ऊन हवेने पंखा फिरवून सळई चालविण्याची युक्तीही त्या काळी होती. तेथे हवा पंख्याला फिरवीत होती. आता पंखा हवेला फिरवितो.)

तेव्हा कष्ट गेले म्हणून रडण्याचा अधिकार फक्त स्वतः कष्ट करणाऱ्याला आहे, आणि तो सहसा रडत नाही.

तरीही आक्षेपात तथ्याचा एक अंश उरतो. कष्ट ही एक नैसर्गिक मर्यादा होती. ज्या घरी नोकर नव्हते, तेथे मोठा तुकडा भाजणे आठवड्यातून एकदा, रविवारीच परवडे. पुष्कळ गरिबांच्या घरी तर भट्टीच नसे. ते आपले रविवारचे जेवण गल्लीतल्या पावभट्टीवाल्याकडे भाजावयास नेत, आणि डिकन्सच्या १८४३ च्या नाताळकथेत ही भांडी घेऊन चाललेली माणसे दिसतात. आता मंगळवारी संध्याकाळी, कचेरीतून परतल्यावर, कुणालाही मांस भाजता येते. मर्यादा बाहेरून होती ती गेली. आतून घालून घ्यावयाची, तर ती घालावयाची कोणी, आणि कशाच्या बळावर? श्रीमंताला बाहेरची मर्यादा कधीच नव्हती, हे मात्र येथेही ध्यानात ठेवावयास हवे. यंत्राने त्याची जुनी मोकळीक इतरांना वाटून दिली, एवढेच.

या ठिकाणी मला मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायातील एक यादी आठवते. त्या अध्यायात मांसभक्षणाला अनुकूल आणि प्रतिकूल अशी दोन्ही प्रकारची वचने शेजारी शेजारी नांदतात, त्यामुळे त्याला कोणत्याही एका पक्षाचा साक्षीदार म्हणून उभे करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. परंतु त्यातील घातकांची गणना विलक्षण आहे. मारणारा एक, त्याच्याबरोबर अनुमती देणारा, अवयव तोडणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजविणारा, वाढणारा आणि खाणारा, अशा आठही जणांना स्मृतिकाराने घातक म्हटले आहे. शिजविणाऱ्याला तेथे शब्द आहे ‘संस्कर्ता’. बौद्धांच्या पाली परंपरेने याच प्रश्नाला वेगळे उत्तर दिले: भिक्षूने आपल्यासाठी प्राणी मारल्याचे पाहिले नसेल, ऐकले नसेल आणि तशी शंकाही त्याला नसेल, तर त्याने ते मांस स्वीकारावे. एका दृष्टीने जबाबदारी साखळीतून शेवटच्या कडीपर्यंत वाहत येते. दुसरीने ती जाणिवेपाशी थांबते.

आता ही यादी एअर फ्रायरपुढे ठेवून पाहा. पहिल्या दर्शनी वाटते की संस्कर्ता नाहीसा झाला, त्याची जागा यंत्राने घेतली, आठांचे सात झाले. पण यंत्राला कर्तृत्व देणे म्हणजे सुरीला खुनी म्हणणे होय. कळ कोणी दाबली? जुन्या घरातील धनी म्हणू शके की, मांस खाटिकाने आणले, स्वयंपाक्याने भाजले, वाढप्याने वाढले. मी केवळ जेवलो. आजच्या एकट्या माणसाला ही सोय नाही. दुकानातून विकत घेणारा तोच, परडीत घालणारा तोच, ताटात काढणारा तोच, खाणारा तोच. आणि पैसे मोजले त्या क्षणी अनुमती देणाराही तोच. आठांपैकी पाच भूमिका एका देहात येऊन बसल्या. ज्या यंत्राने जबाबदारी पातळ केली असे आपण म्हणतो, त्याने ती वास्तविक दाट केली आहे. फक्त ती जाणवत नाही, कारण उरलेले तीन, मारणारा, तोडणारा आणि विकणारा, दृष्टीआड गेले आहेत.

ते दृष्टीआड गेले त्याचे खापर मात्र या पेटीवर फोडता येणार नाही. लंडनच्या भर वस्तीत स्मिथफील्डला जिवंत गुरांचा बाजार भरत असे; रस्त्यांतून कळप हाकले जात, आणि रोस्ट बीफ खाणाऱ्याला त्याचे पूर्वरूप पाहिल्यावाचून गत्यंतर नव्हते. १८५५ साली तो बाजार इस्लिंग्टनला हलविला, आणि १८६८ साली जुन्या जागी नुसत्या मांसाचा, छपराखालचा नेटका बाजार उघडला. याच देशाने १८२२ साली गुरांना क्रूरपणे वागविण्याविरुद्ध कायदा केला होता, हेही सांगितले पाहिजे. दयाबुद्धी वाढत गेली आणि तिच्याबरोबरच न पाहण्याची सोयही वाढत गेली. दोहोंचा उगम एकच होता काय, असा संशय मला येतो. रक्त पाहवत नाही म्हणून माणूस कायदा करतो, आणि रक्त पाहवत नाही म्हणून भिंतही बांधतो.

कायद्याच्या त्याच वर्षी चार्ल्स लॅम्बचा भाजलेल्या डुकरावरील विनोदी निबंध प्रसिद्ध झाला. घराला आग लागून आतील डुकराची पिले भाजली गेली, त्यांची चव कळली, आणि मग ती चव पुन्हा मिळावी म्हणून लोक घरेच जाळू लागले. पुढे कुणी शहाणा निघाला, त्याने सांगितले की यासाठी घर जाळण्याचे कारण नाही. लॅम्बने हसविण्यासाठी लिहिले. परंतु आज वीज वाचते म्हणून एअर फ्रायर घेतला, असे समाधानाने सांगणाऱ्या माणसाला हा निबंध वाचावयास द्यावा. मोठ्या भट्टीऐवजी ही पेटी वापरल्याने एका वेळेस फार तर एक-दोन युनिट वीज वाचत असेल. त्याच परडीतील किलोभर गोमांसासाठी लागलेली जमीन, चारा, पाणी आणि गुरांच्या पोटातून हवेत गेलेला वायू यांच्या हिशेबापुढे ती बचत नगण्य आहे. घर जळतेच आहे. आपण काडी तेवढी लहान घेतली.

चरकाने आहाराचा विचार करताना आठ गोष्टी पाहावयास सांगितल्या आहेत. त्यांत ‘करण’ म्हणजे द्रव्यावर केलेला संस्कार ही एक, आणि ‘उपयोक्ता’ म्हणजे खाणारा स्वतः ही शेवटची. संस्काराने द्रव्याचा गुण बदलतो, हे त्याचे म्हणणे पाकशास्त्राला पटण्यासारखे आहे. संस्कर्त्याचा गुण बदलतो काय, हे मात्र त्याने विचारलेले नाही. माझ्या मते बदलतो, आणि बदलण्याचे साधन कष्ट नसून अवधान आहे. उष्णतामापक आत खुपसून पारा पाहणारा माणूस धगीसमोर पेंगणाऱ्या पोरापेक्षा अधिक सावध असू शकतो. उलट, परंपरेने सांगितले म्हणून डोळे मिटून करणाराही कमी बेसावध नसतो: बाहेरून जोरदार आच दिली की मांसातील रस आत कोंडला जातो, ही लीबिगची १८४७ ची कल्पना प्रयोगांनी केव्हाच खोटी ठरविली, तरी स्वयंपाकघरांतून ती अजून श्रद्धेने सांगितली जाते.

घंटा वाजल्यावरही काम संपत नाही. मांस बाहेर काढून पंधरा-वीस मिनिटे तसेच ठेवावयाचे असते. आतील उष्णता आणखी काही अंश चढते, रस थोडा दाट होतो आणि कापताना कमी वाहतो. तो लाल रस रक्त नव्हे. स्नायूंतील एका द्रव्याचा तो रंग आहे. मग तंतूंच्या आडवे, पातळ काप काढावयाचे. पूर्वी सळईखाली पिठाचे कालवण ठेवीत, त्यात वरून चरबी आणि रस ठिबके, आणि त्या पुडिंगवर, मांस थोडे असले तरी, मुलांची पोटे भरत. पेटीच्या परडीखालीही तसाच चार चमचे रस साठतो. पुष्कळ घरी तो मोरीत जातो. काही घरी मात्र पीठ लावून त्याची अजून ग्रेव्ही करतात, आणि मांस थांबले आहे तेवढ्या वेळात ती होते.