ऐब आणि किस्से

एखाद्या जुन्या वस्तूचा ऐब कुठे संपतो आणि तिची लकब कुठे सुरू होते, हा प्रश्न आम्हाला एका मोटारीमुळे पडला. कागदोपत्री ती १९८२ सालची प्रिमियर पद्मिनी. पण नारायणगावात तिला कुणी पद्मिनी म्हटल्याचे आम्ही ऐकले नाही. सगळ्यांसाठी ती फियाटच.

अब्बांनी ती १९९४ मध्ये जुनी म्हणून घेतली. मारुती रस्त्यावर येऊन तेव्हा दहा वर्षे झाली होती. ज्या गाडीसाठी लोकांनी एकेकाळी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहिली, ती आता नव्या मोटारसायकलीच्या किमतीत मिळत होती. बाजारपेठेतल्या आमच्या छोट्या दुकानाच्या उत्पन्नात मोटार बसत नव्हती, फियाट बसली. गल्लीत आली त्या दिवशी अम्मीने तिच्यावरून लिंबू उतरवून टाकले आणि अब्बांनी तोंडातल्या तोंडात दुआ म्हटली. दोन्हींचा उपयोग पुढे सारखाच झाला.

तिच्या खोडी सांगायला बसलो तर रात्र पुरणार नाही. गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली. त्याचे बुश झिजले, की पहिल्या आणि दुसऱ्या गिअरच्या मध्ये तो अडकून बसे. मग खाली उतरायचे, बॉनेट उघडायचे, आतली सळई हाताने सोडवायची आणि मागच्या एसटीवाल्याला हात जोडायचे. हे काम आमच्या अम्मीलासुद्धा येत होते. मे महिन्यात खेडच्या घाटात पंपातल्या पेट्रोलची वाफ होई आणि गाडी बंद पडे; म्हणून पाण्याची बाटली आणि फडके कायम सोबत. ओले फडके पंपावर ठेवून दहा मिनिटे दरीकडे बघत उभे राहायचे. पावसाळ्यात पायाखाली पाणी साचे. रेडिओ लावला तर गाण्याच्या मागे इंजिनाची खरखर ऐकू येई. इथून जवळच खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तबकड्यांची मोठी रेडिओ दुर्बीण आहे. प्लगच्या ठिणगीतून निघणारा गोंगाट असल्या दुर्बिणींना सोसत नाही, हे कळल्यापासून अब्बा गमतीने म्हणत, आपली गाडी गॅलक्सीपर्यंत ऐकू जाते.

तरी ती आवडायची, आणि त्याचे कारण फक्त स्वस्ताई नव्हते. ती कळत होती. पान्यांचा एक संच, एक पॉलिश पेपर आणि थोडा धीर असला की पॉइंट घासता येत, कार्बोरेटर उघडून फुंकर मारता येई. आज गाडी बिघडली की आधी संगणकाची तार जोडतात आणि मालक बाहेर खुर्चीवर बसतो. फियाटचा मालक मिस्त्रीच्या शेजारी उकिडवा बसत असे. सुटे भाग पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी मिळत. तिथे नाही मिळाले तर कुर्ला. ही गाडी वालचंद हिराचंदांच्या प्रिमियर कंपनीने कुर्ल्यात बनवली, आणि मेल्यावर तिचे हाडन्‌हाड सुटे होऊन विकले गेले तेही कुर्ल्याच्याच भंगार बाजारात.

हा नाद फक्त आपल्याकडचा नाही. स्वीडनमध्ये साब नावाची मोटार बनत असे. तिची किल्ली स्टिअरिंगजवळ नाही, तर दोन सीटांच्या मध्ये खाली लागे, आणि बऱ्याच मॉडेलांत गाडी रिव्हर्स गिअरमध्ये टाकल्याशिवाय ती निघतच नसे. कंपनीचे २०११ मध्ये दिवाळे निघाले. तरी त्या जुन्या गाड्या स्वस्तात घेऊन जिवापाड सांभाळणारे लोक युरोप-अमेरिकेत आहेत, आणि विचारल्यावर तेही आधी खोडीच सांगतात. म्हणजे खोड हीच प्रेमाची जागा असावी. निर्दोष वस्तूबद्दल सांगण्यासारखे फारसे काही नसते.

इथपर्यंत सगळे गोड आहे. पण अब्बांच्या माघारी त्यांची हिशेबाची वही हाती आली. पहिल्या तीन वर्षांतला दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीहून जास्त होता. अब्बा आम्हाला इस्राफवर व्याख्यान देत. जेवताना ताटात उरलेला एक घास त्यांना खपत नसे. जुनी वस्तू वापरणे म्हणजे काटकसर, अशी त्यांची पक्की समजूत होती आणि आमचीही. वही काही वेगळेच सांगत होती. स्वस्त होते ते फक्त विकत घेणे.

पैशाचे तरी सोडून देऊ. १९९९ च्या पावसाळ्यात बहिणीला बाळंतपणासाठी रात्री पुण्याला न्यायचे होते. राजगुरुनगरच्या अलीकडे कॉइल तापली आणि गाडी बसली. दीड तास आम्ही अंधारात उभे होतो. शेवटी कांद्याच्या एका ट्रकवाल्याने तिला आणि अम्मीला केबिनमध्ये घेतले. बाळ सुखरूप झाले. आता ते इंजिनीअर आहे. आमच्या घरात हा किस्सा प्रत्येक ईदला निघतो. ट्रकवाल्याची भाषा, अब्बांची धावपळ, कांद्याचा वास असलेली अम्मीची शाल. सगळे पोट धरून हसतात. परवा पहिल्यांदा आमच्या लक्षात आले, की किस्सा सुरू झाला की बहीण उठून स्वयंपाकघरात जाते.

परवा म्हणजे विकायची वेळ आली तेव्हा. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये नोंदली गेली होती. तिची वीस वर्षे २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये भरली, ती रस्त्यावरून गेली आणि वर्तमानपत्रांनी हळहळून लिहिले. तेव्हापासून आमच्या दारातल्या गाडीकडे लोक वेगळ्या नजरेने पाहू लागले. दुसरीकडे तिला ठेवणे जड होत गेले. पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी २०२२ च्या एप्रिलपासून ६०० रुपयांवरून ५,००० झाली. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आले, आणि ते जुन्या गाडीतल्या रबरी नळ्यांना आणि वॉशरना मानवत नाही. उसाच्या पट्ट्यात राहून ही तक्रार करायची चोरी आहे, पण नळ्या गळतात हे खरे.

पुण्याच्या एका शौकिनाचा फोन आला. मग वारूळवाडीकडचा एक तरुण येऊन उभा राहिला. त्याच्या आईला आठवड्यातून दोनदा पुण्याला उपचारासाठी न्यावे लागते, भाड्याची गाडी परवडत नाही. "काका, चालती आहे ना? मग द्या मला." शौकीन देणार त्याच्या निम्म्याने द्यावी, सवाब मिळेल, असे आमच्या मनात आले. आम्ही त्याला गाडी दाखवू लागलो. काही लपवले नाही. गिअर अडकतो, कॉइल तापते, ओल्या रस्त्यावर ब्रेक एका बाजूला ओढतो, सगळे सांगितले. तो हसत होता, आम्हीही रंगात आलो होतो. कांद्याचा ट्रकसुद्धा सांगून झाला.

शेजारी आमचे म्हातारे मिस्त्री बसले होते. ते म्हणाले, "किस्से नक्को, ब्रेक की बात बोलो."

आम्ही गप्प झालो. धान्याच्या ढिगात हात घालून आतली ओल बाहेर काढणाऱ्या पैगंबरांची हदीस आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणी ऐकलेली असते. आमच्या गावाला ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही. इथल्या टोमॅटोच्या बाजारात क्रेटच्या वरच्या थरात लालबुंद आणि खाली मऊ माल भरणारा माणूस सगळ्यांना माहीत आहे. आपल्या फिकहने तर लपलेला ऐब निघाल्यास सौदा मोडण्याचा हक्क गिऱ्हाइकाला दिला आहे. पण आम्ही मऊ टोमॅटो खाली दडपले नव्हते. वरच ठेवले होते, फक्त त्यांना चकाकी दिली होती. ऐब ऐकताना समोरच्याला भीती वाटण्याऐवजी लोभ वाटत असेल, तर तो सांगितला असे म्हणायचे का? नियत वाईट नव्हती, हे उत्तर आम्ही स्वतःला देऊन पाहिले. पण मागच्या सीटवर त्याची आई बसणार होती, आमची नियत नव्हे. आणि प्रेम खरे असले की गफलत जास्त होते. खोटे बोलणाऱ्याला निदान आपण खोटे बोलतोय हे माहीत असते.

रात्री आम्ही वहीचे एक पान फाडून घेतले. बहिणीला फोन लावून विचारले, त्या रात्रीबद्दल काय लिहू? ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "लिही, भरवशाची नाही." तेवढेच लिहिले. त्याखाली ब्रेक, कॉइल, सडलेला पत्रा, गळणाऱ्या नळ्या, वर्षाचा अंदाजे खर्च. एकही विशेषण नाही.

सकाळी तरुणाने ते पान उभ्या-उभ्या वाचले, दोनदा वाचले. घडी घालून खिशात ठेवले आणि म्हणाला, भावाला विचारून सांगतो. त्याला दोन महिने झाले.

शौकिनाला तेच पान फोनवर वाचून दाखवले. तो मोकळेपणाने हसला. "अरे वा, म्हणजे सगळं ओरिजिनल आहे," म्हणाला, आणि पाच हजार वाढवून दिले. अजून आम्ही होकार कळवलेला नाही. गाडी कडुनिंबाखाली आहे.