भावाच्या चुकीचा भार कोणी वाहावा?

१ जानेवारी २०२४ रोजी ट्रकचालकांनी गाड्या उभ्या केल्या, तेव्हा पेट्रोल पंपांवर लागलेल्या रांगा आपणास आठवत असतील. त्यांचा विरोध भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) ला होता. निष्काळजीपणे वाहन चालवून कोणाचा मृत्यू घडविला आणि पोलिसांना वा दंडाधिकाऱ्यांना न कळविता चालक निघून गेला, तर दहा वर्षांपर्यंत कारावास, असे ते कलम. दुसऱ्याच दिवशी केंद्रीय गृहसचिवांशी वाहतूकदारांची बोलणी झाली व संप मिटला. पुढे १ जुलैला संहिता लागू झाली, ती हे उपकलम वगळून. एकजुटीचे बळ दिसले. ते कोणत्या कामी लावावे, हा प्रश्न उरला.

चालकांची भीती खोटी नव्हती. थांबल्यास जमाव जिवावर उठतो. त्यात झोपेची उपासमार. मोटार परिवहन कामगार कायद्याने १९६१ सालीच दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला व त्याची गिनेस बुकात नोंद झाली. त्याच रस्त्यावरून अकोल्याची डाळ आणि अमरावतीची संत्री नेणारा चालक किती तास जागा आहे, याची नोंद कोण ठेवतो? घाम सुकण्यापूर्वी मजुरी देण्याची शिकवण प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिली. तेव्हा विश्रांती व वेतन मागणारी संघटना हक्कच मागते.

परंतु मूर्तिजापूर-बडनेऱ्यादरम्यान तिन्हीसांजेला शेतावरून सायकलीने परतणारा माणूसही कोणाचा तरी भाऊ आहे. भाऊ अत्याचारी असो वा पीडित, त्याला मदत करा, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आणि अत्याचाऱ्याची मदत म्हणजे त्याचा हात रोखणे, हेही स्पष्ट केले. जमावापासून जीव वाचविणे समजण्यासारखे आहे. तेथून थेट पोलीस ठाणे गाठण्याऐवजी परजिल्हा गाठणे समजण्यासारखे नाही.

सूरह निसाच्या ९२ व्या आयतीत चुकून घडलेल्या हत्येसाठी प्रायश्चित्त आणि वारसांना दियत सांगितली आहे. वारसांनी माफ केल्यास गोष्ट वेगळी. फिकहनुसार ही दियत एकट्या चुकणाऱ्यावर पडत नाही. त्याची ‘आकिला’, म्हणजे पाठीशी उभा राहणारा समूह, ती तीन वर्षांत फेडतो. हा समूह मुळात कुळाचा. हजरत उमर (रजि.) यांनी तो सैन्याच्या नोंदवहीतील सहकाऱ्यांपर्यंत नेला. ‘हिदाया’ या हनफी ग्रंथात तर असेही नमूद आहे की, जेथे लोक व्यवसायाच्या नात्याने एकमेकांना साथ देतात, तेथे त्या व्यवसायातील माणसेच आकिला. (कोकणातील आपल्या शाफई बंधूंच्या मते हा भार नातलगांचाच.) जे पाठीशी उभे राहतात, त्यांनी वेळीच आवरायलाही हवे होते, हा त्यामागील विचार. झोपेने डोळे मिटणाऱ्या सोबत्याच्या हातून चावी काढून घेणे हे त्या आवरण्यातच येते.

देशाचा कायदा आपल्या जागी आहे. त्याऐवजी दियत आणा, असे येथे म्हणावयाचे नाही. पण चालकाच्या जामिनासाठी अड्ड्यावर वर्गणी निघाली, तर वहीच्या त्याच पानावर मयताच्या घराचाही वाटा लिहिला जावा. आणि जो स्वतःहून ठाण्यात हजर होतो, त्याच्यासोबत त्याच रात्री चार सहकारी तेथे बसावेत, एवढे तरी संघटनेकडे मागता येईल.