आजीचं पुस्तक

आजी गेली की आपण म्हणतो, फार मायाळू होती. पण ती कोणत्या दिवसांतून गेली, हे कितीजणांना ठाऊक असतं? लेखिका लक्ष्मीबाई टिळकांचं आयुष्य आपल्याला कळलं, कारण त्यांनी ते स्वतः सांगितलं. १८९५ मध्ये पती, कवी नारायण वामन टिळक, ख्रिस्ती झाले. त्यामुळे पुढची काही वर्षं ताटातुटीची. पदरात लहानगा मुलगा दत्तू. हे सारं त्यांनी 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात लिहिलं, तेही नवऱ्याबद्दल कडवटपणा न ठेवता. मला याचं फार मोल वाटतं. शाळेत धड न शिकलेल्या या बाईंनी पतीचं अपुरं 'ख्रिस्तायन' हे काव्यही पुढे लिहिलं. नातू अशोक टिळकांनी आजीचं पुस्तक संपादित केलं. तुमच्या घरी आजी असेल, तर आज तिच्याजवळ बसा, विचारा, आणि तिचं सांगणं लिहून ठेवा.